पंधरा किलोला थोडं कमी

“ही शिवून किती दिवसांत द्याल?”

मी मोबाइल थेट त्याच्या नाकासमोर धरला. तो ट्रॅक्टरच्या सीटवर रेक्झिन ताणत बसला होता, ओठांत चार बारीक खिळे धरून. त्यानं खिळे एकेक करून तळहातावर काढले, फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीला लोंबकळणाऱ्या आमूकडे.

“शिवून दोन तासांत देतो,” तो म्हणाला. “पण ह्या लेकराले त्याच्यावर बसू देनार नाई.”

घ्या! दारात आलेल्या गिऱ्हाइकाला असं बोलतं का कोणी? पण आवाज इतका शांत होता, की मला धड रागही येईना. डोळेही... असू दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

मी दीपमाला. अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. आमू, म्हणजे आम्रपाली, माझ्या ताईची लेक, साडेचार वर्षांची. ताई आयर्लंडमध्ये नर्स आहे. भाऊजीही तिच्यापाठोपाठ तिकडे गेले. दीड वर्ष आमू माझ्या आणि आईच्या अंगाखांद्यावर वाढली, आणि जानेवारीत एकदाचा तिचा व्हिसा आला. बारा फेब्रुवारीचं विमान. मी तिला पोचवायची, तीन महिने तिकडे राहायचं आणि परत यायचं. घरात नुसती धांदल! आईनं तर आनंदानं दोनदा भाजीत मीठ घातलं.

आणि मग ताईचा फोन आला, “दीपे, बूस्टर सीट आण. इकडे लहान मुलाला सीटशिवाय गाडीत बसवत नाहीत. आमची स्वतःची गाडी नाही. मैत्रिणीच्या गाडीतून ने-आण होणार. म्हणून काखेत मारून नेता येईल अशी, घडीची आण.”

आमच्याकडे लेकराची सीट म्हणजे स्कूटीवर पुढे उभं राहायची जागा. फोटो पाहून मला वाटलं, उशी तर आहे, शिवून घेऊ की! म्हणून रविवारी सकाळी अब्दुल सत्तारचाचांच्या ‘सीट मेकर’ दुकानात आले. चाचा बाहेर खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. ते म्हणाले, “अंदर सुगत हाय, त्याले सांगा. सीटचं त्याच्यापेक्षा ज्यादा कोनालेच कळत नाई.”

तोच हा सुगत.

“का नाही बसू देणार?” मी विचारलं.

तो उठून बाहेर आला. दुकानासमोर कव्हरं बदलायला आलेली एक मोटार उभी होती. त्यानं आमूला विचारलं, “चालतं का, ताईसाहेब?” ताईसाहेब म्हटल्यावर आमू लगेच मांजरासारखी मऊ झाली. मागच्या सीटवर फोमची गादी ठेवून त्यानं तिला बसवलं आणि पट्टा लावला.

“पाहा मॅडम. पट्टा खांद्यावरून गेला पाह्यजे, हा गळ्यावरून चालला. खालचा पट्टा मांडीवर पाह्यजे, हा पोटावर. आता मी ब्रेक मारला असं समजा...” त्यानं गादी हलकेच पुढे ओढली. आमू सर्रकन घसरली आणि खिदळायला लागली. मी मात्र हसले नाही.

“खऱ्या सीटले पट्टा अडकवाले खाचा असतात. गादी जाग्यावर राह्यते. आन् तिकडच्या सरकारचा नारंगी शिक्का असते बुडाले. म्या कितीबी चांगली शिवली तरी तो शिक्का म्या कुठून आनू?”

“मग मी काय करू?” हे वाक्य माझ्या तोंडून असं काकुळतीनं निघालं, की मलाच ऐकवेना.

“थे फोटो दाखवा पुन्हा.”

ताईनं तीन सीटांचे फोटो, खाली माहितीसकट, पाठवले होते. एक पाठ असलेली, पट्ट्यांची, भलीमोठी. दुसरी हवा भरायची. तिसरी घडी घालून पाटीएवढी होणारी. तो खाली वाकून माझ्या हातातला मोबाइल वाचू लागला. केसांना रेक्झिनचा आणि नव्या फोमचा वास. मी तोच परिच्छेद दोनदा वर-खाली केला... उगाच.

“मोठी ही तुमची आमू उचलंल, का तुमी? अन् दुसऱ्याच्या गाडीत रोज कोन बांधत बसंल? थे गेली. हवेची बरी हाय, पन लेकरू टोचन लावते, फुस्स होते. ही घडीची घ्या.” मग तो थांबला. “पन इथं लिवलं हाय... पंधरा किलोच्या खाली चालत नाई.”

आम्ही दोघांनी एकदमच आमूकडे पाहिलं. ती गाडीच्या खिडकीतून आम्हाला वाकुल्या दाखवत होती. हडकुळी काटकी!

दुकानाच्या तुळईला एक जुना स्प्रिंगचा काटा टांगलेला होता, काथ्या आणि फोमची कात्रणं तोलायचा. सुगतनं त्याला गाडीच्या पट्ट्यांचा झोका शिवला, खरोखर माझ्या डोळ्यांदेखत पंधरा मिनिटांत, आणि आमूला त्यात बसवलं. काट्याची तबकडी भिंतीकडे होती. तो भिंतीकडून वाचायचा, आणि उंच, म्हणून टाचही न उचलता. मला दिसायची फक्त तबकडीची गंजलेली पाठ.

“चवदा किलो तीनशे,” तो म्हणाला.

“पाच आठवडे आहेत,” मी बोटांवर मोजलं. “सातशे ग्रॅम वाढवायचे.”

“वाढवू ना,” तो म्हणाला. वाढवा नाही हं, वाढवू!

पुढचे रविवार म्हणजे नुसती मजा होती. ताईला मी स्पष्ट सांगितलं होतं, आमू पंधराची झाली की सीट मागवते, नाही झाली तर तारीख पुढे ढकलू. ताई फोनवर रडली. “दीपे, मी तिला दीड वर्ष मांडीवर घेतलं नाही गं.” त्या दिवसापासून आमच्या घरात आमू हेच एक काम झालं. आई शेंगदाण्याचे लाडू वळायची. मी केळी कुस्करून दुधात घालायची. आणि सुगत! दुसऱ्या रविवारी त्यानं उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या, डबाभर, अजून कोमट.

“चांदूर रेल्वेहून आणल्या?” मी विचारलं. तो रोज तिथल्या गाडीनं यायचा, एवढं कळलं होतं.

“आमच्याच वावरातल्या. पाच एकर हाय. यंदा सोयाबीन गेलं, कापूस अर्धा. तूर तेवढी उभी राह्यली, म्हनून आमीबी उभे हावो.” तो हसला. “दुकान आठवडाभर, वावर सकाळ-संध्याकाळ. बापाले सोडवत नाई आन् मलेबी.”

आमू शेंगा सोलून दाणे टाकत होती, निम्मे तोंडात, निम्मे माझ्या मांडीवर. झोक्यात बसवली. चौदा किलो सहाशे! मी चक्क टाळी वाजवली. त्यानंही हात पुढे केला, आमूच्या टाळीसाठी... आणि आमूनं माझा हात धरून त्याच्या हातावर आपटला. खरखरीत हात होता. मला घरी जाईपर्यंत तो जाणवत होता.

“मॅडम,” तो एकाएकी म्हणाला, “आपली ओळख जुनी हाय तशी.”

“कशी काय?”

“मागच्या सालच्या वधू-वर मेळाव्याचं पुस्तक. सत्तेचाळीस नंबरचा मी, तुमचाबी फोटो होता त्यात. आमच्या घरून निरोप गेला होता तुमच्या घरी.” तो खिळ्यांच्या डबीत पाहत होता. “उत्तर आलं, पोरीले शेतीवाला नको.”

माझ्या पायाखालचं दुकानच सरकलं. आठवलं ना! आईनं त्या पानाला घडी घालून माझ्यासमोर ठेवलं होतं. मी फोटोही पाहिला नव्हता. ‘व्यवसाय – शेती’ एवढं वाचलं आणि पुस्तक मिटून गव्हाच्या कोठीवर फेकलं. सगळ्याच मैत्रिणी तेच करत होत्या. दर मेळाव्यात शेतकरी पोरांची पानंच्या पानं असायची, आणि आम्ही ती भाजी निवडल्यासारखी बाजूला काढायचो.

“मला... तेव्हा...” मी चाचपडले. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी!

“राग नाई मॅडम, खरंच नाई,” तो म्हणाला. “सांगावं म्हनलं. लपवून कावून ठेवा?” आणि पुन्हा आमूला शेंगा सोलून देऊ लागला.

त्या आठवड्यात मी एका पोराचं बरोबर उत्तर चूक धरलं. दोनदा!

तिसऱ्या रविवारी मी उगाचच नवी निळी कुर्ती घातली. आईनं पाहून फक्त भुवया वर केल्या. दुकानात सुगतनं शेंदूरजनाघाटची संत्री आणून ठेवली होती. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग लगेच दुसरीकडे, मग परत.

“हा रंग...” तो म्हणाला.

“काय रंगाचं?”

“काही नाई. ह्या रंगाचं रेक्झिन भेटत नाई बाजारात.”

चाचा बाहेरून खाकरले. मी संत्रं सोलण्यात गढून गेले, आणि नेमकी तेव्हाच आमू झोक्यातून ओरडली, “सुगतकाका, मावशी तिकडे लग्न करणारे! मम्मीनं मुलगा बघितला. त्याच्याकडे गाडी आहे, मोठ्ठी!”

झालं का! खरं म्हणजे बघितला वगैरे काही नव्हता. ताई एवढंच म्हणाली होती, आलीस की एकाला भेट, आवडला तर बघू. पण मी ते सांगेपर्यंत तो काट्याकडे वळला. बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिला.

“किती?” मी विचारलं.

“...चवदा आठशे,” तो म्हणाला. “अजून कमीच हाय. पुढच्या रविवारी या.”

पुढच्या रविवारी चौदा साडेआठशे. मी कपाळाला हात लावला. एवढे लाडू, एवढी केळी, पोरीचे गाल तर चांगले वर आले होते, फ्रॉकची बटणं लागेनात, आणि पन्नास ग्रॅम? सीट यायला दहा दिवस लागतात, मी आता काय करू?

“माह्यावर सोडा,” तो म्हणाला. “सीट वेळेवर येनार. शब्द देतो.”

त्याच्या आवाजावर मी विश्वास ठेवला. म्हणजे, गणिताच्या बाईनं! काट्याची तबकडी एकदाही स्वतः न पाहता!

पाचव्या रविवारी, सात फेब्रुवारीला, चौदा नऊशे. मला रडूच आलं. पाच दिवसांवर विमान. तो बेचैन झाला, काहीतरी बोलायला गेला, मग म्हणाला, “बुधवारी या. एकदा अजून मोजू. भरंल.” त्याचा चेहरा असा होता, की चूक माझी नाही, त्याचीच असावी. मला त्याचंच वाईट वाटलं. वेडी कुठली मी!

मंगळवारी आमूला घेऊन अकोल्याला गेले. भाऊजींचे आईवडील तिथे असतात. जाण्याआधी नातीला भेटवायला हवं होतं. दुपारी परतताना, अकोला स्टेशनवर गाडीला अर्धा तास उशीर. प्लॅटफॉर्मवर ते वजनाचं यंत्र होतं, लाल-हिरव्या दिव्यांचं, चाक फिरणारं. आमू हट्टालाच पेटली. नाणं टाकलं. दिवे लुकलुकले, चाक थांबलं, तिकीट खाली पडलं.

पंधरा किलो सातशे.

मी तिचे बूट काढले. स्वेटर काढला. आजीनं गळ्यात घातलेली चिवड्याची पिशवीही काढली. परत नाणं. पंधरा पाचशे. तिसरं नाणं. पंधरा पाचशे!

रविवारी चौदा नऊशे आणि मंगळवारी पंधरा पाचशे? दोन दिवसांत सहाशे ग्रॅम? असं गणित माझ्या कुठल्याच पोरानं कधी सोडवलं नव्हतं.

बडनेऱ्याला उतरले ती तडक ऑटोत. आमूला कडेवर घेऊन दुकानात शिरले आणि तिकीट त्याच्या समोरच्या सीटवर आपटलं.

“हे काय आहे?”

त्यानं तिकीट उचललं. वाचलं. मान खाली गेली. चाचा बाहेरून आत डोकावले आणि लगेच परत बाहेर गेले.

“तुमी काटा मारला?” माझं क्लासमधलं स्वच्छ मराठी कुठल्या कुठे पळालं. “सांगा ना! काहून मारला काटा? तिची आई तिकडं दीड वर्षापासून वाट पाहून राह्यली! मी चार राती झोपली नाई!”

“मारला,” तो म्हणाला. अगदी हळू. “तिसऱ्या रविवारीच भरली होती थे. बरोब्बर पंधरा.”

“मंग?”

“माह्या बापाचा कापूस दरसाल बाजारात जाते. क्विंटलामागं दोन किलो, तीन किलो, काटा मारतेच समोरचा. लहानपनी म्या पाहिलं, आन् ठरवलं, आपन जिंदगीत कोनाचा काटा मारनार नाई.” तो थांबला. वर पाहिलं. आता डोळ्यांचं सांगते – ते असे होते, की त्यात बघून खोटं बोलणं मला तरी जमलं नसतं. “त्या दिवशी आमू बोलली, थे लग्नाचं. आन् काटा पंधरावर आला. मले कळलं, पंधरा म्हनलं की झालं, तुमी उद्यापासून येनार नाई. तोंडातून चवदा आठशे गेलं. मंग थे परत घेता आलं नाई... चुकलं माह्यं. लेकराच्या मायचा जीव टांगनीले लावला म्या.”

मला रागावायचं होतं. खरंच. पण राग कुठे ठेवला तेच सापडेना.

“आणि सीट?” मी कशीबशी म्हणाले. “परवा घरून निघायचंय आम्हाला.”

तो खाली वाकला आणि कामाच्या फळीखालून एक खोकं काढलं. आत घडीची सीट. उलटी करून त्यानं बूड दाखवलं. नारंगी शिक्का! “त्याच रविवारी मागवली, तुमी दुकानातून उतरल्याबरोबर. सहा दिवस झाले येऊन. खोटं वजनापुरतं होतं मॅडम. सीटच्या बाबतीत नाई.”

बाहेर तीच मोटार नसली तरी दुसरी एक उभी होती. त्यानं सीट उघडून मागे ठेवली, आमूला बसवलं, पट्टा खाचांतून घेतला. पट्टा बरोब्बर खांद्यावरून गेला, मांडीवर टेकला. त्यानं सीट ओढून पाहिली. जागची हलली नाही. आमू राणीसारखी बसून राहिली आणि म्हणाली, “सुगतकाका, तुम्ही पण चला ना विमानात.”

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. “मले वावर हाय, बेटा.”

आणि मला अगदी स्वच्छ कळलं. तिकडच्या मोठ्ठ्या गाडीवाल्याला मी भेटणारच नव्हते. हा माणूस पाच एकरात आणि या दुकानात असाच उभा राहणार होता, दुसऱ्याच्या लेकराचा पट्टा खांद्यावर येतो का, हे ओढून-ओढून पाहत. आणि मी त्याचं पान न वाचता फेकलं होतं. आता बोलायची पाळी माझी होती. तो तर सगळं बोलून बसला होता.

मी मोबाइल काढला आणि त्याच्यासमोरच आईला लावला.

“आई, ते मेळाव्याचं पुस्तक कुठे आहे?”

“कोठीवरच पडलं हाय, तू फेकलं तवापासून. काहून?”

“त्यातला सत्तेचाळीस नंबर काढ. त्यायच्या घरी फोन लाव.”

तिकडे पानं सळसळली. “अवं, हा तं शेतीवाला हाय. तूच तं नाई म्हनली होती!”

“मी वाचलंच नव्हतं, आई.” मी सुगतकडे बघूनच बोलले. “आता वाचलं. त्यायले सांग... पोरगी हो म्हनते.”

त्याच्या हातातला खिळ्यांचा डबा पडला. सगळे खिळे फरशीवर! तो ते गोळा करायला खाली बसला आणि एकही न उचलता तसाच बसून राहिला, माझ्याकडे पाहत. “खरं?” तो म्हणाला. “तुमी... मले?”

“नाई, चाचांले!” मी म्हटलं. “उठा आता. खिळा रुतंल.”

“मेरा तो हो गया बेटी, चालीस साल पहले!” चाचा बाहेरून ओरडले. “अब इसका देखो. बुद्धपौर्णिमेले बार उडवा, सीटा मी शिवतो मंडपातल्या!”

फोनवर आई अजून होतीच. तिला काहीच कळत नव्हतं आणि सगळं कळलं होतं. “आंधी घरी ये,” ती म्हणाली, “आन् येताना त्यालेबी घेऊन ये, जेवाले.” आणि घाईघाईनं फोन ठेवला. तिला नक्की शेजारी सांगायला जायचं असणार.

आम्ही ऑटोपर्यंत चालत आलो. सीटचं खोकं त्याच्या काखेत, आमू माझ्या कडेवर. ऊन छान उतरलं होतं. त्यानं खोकं या काखेतून त्या काखेत घेतलं. मग न राहवून म्हणाला, “मॅडम...”

“दीपमाला.”

“दीपमाला.” किती जपून म्हणाला! “तीन महिने म्हंजे किती रविवार होतात?”

गणिताच्या बाईला विचारायचा प्रश्न आहे का हा? ऑटोत बसेपर्यंत मी मोजून टाकले होते. बारा फेब्रुवारी ते बारा मे. तेरा.

त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तेरा म्हटलं असतं, तर ते तोंड एवढंसं झालं असतं.

“बारा,” मी म्हणाले.